नलूताईंनी बोलावलेली तालीम

त्या रविवारी सकाळी मी चिडलेला होतो, हे आधीच सांगून टाकतो. जे नाटक तीस वर्षं चाललंय त्याला तालीम कसली? 'संगीत हेमकळा'मध्ये पडदा कुठे अडकतो, कोणत्या वाक्याला सरदारांची पगडी सरकते, कोणत्या पदाला तबलजीला हमखास खोकला येतो, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तरीही नलूताईंनी स्वतः एकेकाला फोन करून बजावलं होतं की रविवारी दहाला शाळेच्या हॉलमध्ये तालीम आहे, कुणीही चुकवायची नाही. कशासाठी, ते मात्र सांगेनात. मी फारच खनपटीला बसलो तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही पेटी घेऊन या हो अन्वरभाऊ, बाकीचं तिथे बोलू." म्हणून मी रोडपालीहून टेम्पोत ऑर्गन घालून पनवेलला आलो, तबलजीपाशी यथेच्छ कुरकुर केली, आणि दहा वाजून गेले तरी ताईंचा पत्ता नाही म्हटल्यावर त्या कुरकुरीला आणखी जोर चढला.

नलूताई उशिरा येत नसत. प्रयोग असला की रंगपटाचं कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या आधी त्या दारात उभ्या असायच्या. त्यामुळे थोड्या वेळानं माझी बडबड आपोआप थांबली आणि सगळेच दाराकडे बघायला लागले. मग अप्पांचा फोन वाजला. अप्पा म्हणजे आमच्या नाटकाचे निर्माते. पनवेलच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या जिवावर त्यांनी हे नाटक पोसलं. रंगमंचावर पाऊल ठेवताना चपला काढल्याशिवाय न चढणारा हा माणूस फोन कानाला लावून चपलांसकट स्टेजवर चढला आणि मधोमध मांडी घालून खाली बसला. "नलू गेली," एवढंच म्हणाले. विचुंब्याच्या घरी सकाळी रियाझ झाला होता, पूजा झाली होती, चहा टाकला होता... भाची दूध घेऊन वर आली तर चहा उतू गेलेला आणि ताई खुर्चीत बसलेल्या. ना आजार, ना कसली तक्रार. मौतीची बातमी आली की आमच्यात म्हणतात तसं मी "इन्ना लिल्लाहि..." म्हटलं, पण ते ओठांनी म्हटलं. आत काहीही पोचलं नव्हतं. माझे हात तेव्हाही ऑर्गनवरच होते आणि मी वेड्यासारखा विचार करत होतो, की आता ही तालीम कोण घेणार.

त्या हॉलमध्ये त्यानंतर जे झालं त्याचा धक्का मला बातमीपेक्षाही मोठा बसला. पण ते कळायला नलूताई कोण होत्या ते सांगावं लागेल, कारण या पुरवणीच्या वाचकांतल्या निम्म्या लोकांनी 'हेमकळा' हा सिनेमा पाहिला असेल आणि नलूताईंचं नावही ऐकलं नसेल.

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा माझे दोन्ही भाऊ कुवेतला पोचले होते आणि माझेही कागद तयार होते. आमच्या मोहल्ल्यात मुलगा हाताशी आला की आखातात जायचा, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी आपला जायच्या आधी हौस म्हणून अप्पांच्या नाटकात चार प्रयोग पेटी वाजवली. पाचव्या प्रयोगाच्या आधी नलूताई आमच्या घरी आल्या. एकट्या, न सांगता. तेव्हा त्या तिशीच्या आतबाहेर असतील, नव्या पनवेलच्या एका शाळेत गाणं शिकवायच्या. अम्मीनं सांदणं केली होती, ती त्यांनी मागून घेऊन खाल्ली, अम्मीच्या पुढ्यात बसून एक पद म्हटलं, आणि मग अब्बांना म्हणाल्या, "तुमचे दोन मुलगे कमावताहेत. तिसरा आम्हाला द्या." अब्बांसारखा करडा माणूस, कुणाला उलट बोलू न देणारा. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "ले जाव. पण नमाज चुकवायला लावू नका त्याला." ताईंनी ते शेवटपर्यंत पाळलं. संध्याकाळी मगरिबच्या नमाजाची वेळ झाली की प्रयोगाआधीच्या गडबडीतही रंगपटातला एक कोपरा माझ्यासाठी मोकळा झालेला असायचा, आणि कुणी तिथे बूट ठेवले तर ताईंचा आवाज ऐकण्यासारखा असे.

'हेमकळा' ही एका सरदाराची अठरा वर्षांची मुलगी. बापानं ठरवलेलं लग्न मोडते, घराबाहेर पडते आणि शेवटी बापालाच तिच्या दाराशी यावं लागतं. गोष्ट एवढीच. बाकी सगळं गाणं. नलूताईंनी हेमकळा पहिल्यांदा केली तेव्हाही त्या अठराच्या नव्हत्या आणि शेवटची केली तेव्हा साठीला टेकल्या होत्या. यात कुणालाही काही खटकत नसे. संगीत नाटकाचा प्रेक्षक कानांनी बघतो, असं अप्पा म्हणायचे. एके काळी मिशा उतरवलेले बाप्ये नायिका व्हायचे आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला बघायच्या, तिथे नलूताईंचं वय कोण मोजतो? दुसऱ्या अंकात हेमकळा बापाला म्हणते, "बाबा, अठरा वर्षं तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही, आज जाते," आणि लगेच मोठं पद सुरू होतं. त्या वाक्याला थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता व्हायची. मी रंगमंचापुढे, प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. त्यामुळे मला प्रेक्षक कधी दिसत नाहीत, पाठीवर नुसते जाणवतात. ती शांतता मी अशी कित्येक वर्षं पाठीवर घेतली. मग पद संपायचं, 'वन्स मोअर' यायचा, ताई एकदा अप्पांच्या विंगेकडे बघायच्या, आणि अप्पांनी घड्याळ दाखवलं तरी पुन्हा गायच्या.

पण कानांनी बघणारी माणसं म्हातारी होत गेली. कुणाचे गुडघे दुखू लागले, कुणी मुलाकडे परदेशी गेलं, कुणी वरच गेलं. पनवेलभोवती एवढ्या इमारती उठल्या, एवढी माणसं राहायला आली, पण त्यांना हेमकळा कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. शेवटी शेवटी प्रयोगाला पुढच्या रांगा भरायच्या आणि मागे सगळा काळोख. अप्पा बंद करण्याची भाषा करायला लागले आणि नेमका त्याच सुमारास मुंबईचा एक तरुण दिग्दर्शक दुकानात येऊन उभा राहिला. त्याला 'हेमकळा'वर सिनेमा करायचा होता. अप्पांनी आम्हा दोघांना दुकानात बोलावून घेतलं. मी म्हटलं, माणसं एकदा एसीत बसून सिनेमा बघतील, मग मोबाइलवर बघतील, आणि आपल्याकडे यायचं कारणच उरणार नाही. अप्पा म्हणत होते, की सिनेमा बघून लोकांना मूळ नाटक बघावंसं वाटेल, कुठल्या कुठल्या देशांत असं झालंय म्हणे. आम्ही दोघं भांड्यांच्या त्या खणखणाटात हमरीतुमरीवर आलो. नलूताई चहा पीत ऐकत होत्या. त्यांची भूमिका तिथे दुसरीच कुणी करणार होती, त्यांचं गाणं दुसरीच कुणी गाणार होती. मला खात्री होती की त्या नाही म्हणतील आणि विषय संपेल. त्या म्हणाल्या, "देऊन टाका अप्पा. ज्यांनी नावच ऐकलं नाही ते तसेही येत नाहीत. नाव तरी कानावर जाऊ दे." नाटक चालू राहावं यासाठी ही बाई काय काय सोडायला तयार आहे याचा मला तेव्हा पहिल्यांदा अंदाज आला, आणि तोही अपुराच होता.

सिनेमा आम्ही मॉलमध्ये एकत्र बघितला. ताई मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी बायको सायरा. दहा-बारा मिनिटं चालणारं आमचं पद तिथे दोन कडव्यांत आटपलं, आलाप नाही, तान नाही, नायिका घोड्यावर आणि मागे शंभर व्हायोलिनं. माझा जीव तिथे गुदमरला. मी अंधारात ताईंकडे बघितलं, म्हटलं रडत असतील. त्या पुढे सरकून, हनुवटीखाली हात घेऊन, एखादं मूल जत्रेत बघतं तशा बघत होत्या. बाहेर पडल्यावर मी तोंडसुख घ्यायला सुरुवात केली तर त्यांनी माझं ऐकलंच नाही. सरकत्या जिन्यावर उभ्या असताना म्हणाल्या, "पोर खरंच अठराची दिसते हो अन्वरभाऊ." त्या वाक्यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

आणि अप्पांचं खरं ठरलं. सिनेमा चालला आणि आमच्या बंद पडत आलेल्या नाटकावर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागली. पनवेल, उरण, अलिबाग, वाशी... कधी नव्हे ते ऑर्गन घरी उतरवायला सवड मिळेना. तिकिटाच्या खिडकीवर कॉलेजची मुलं. मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू? ही नवी माणसं कधीकधी गोंधळ घालायची. सिनेमातलं गाणं जिथे संपतं तिथे, म्हणजे दुसऱ्या कडव्यानंतर, टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि आमच्या तबलजीचा हात थबकायचा. ताई टाळ्या संपेपर्यंत हसत उभ्या राहायच्या आणि पुढे सुरू करायच्या. ही चूक आहे असं त्यांना वाटायचंच नाही. त्या म्हणायच्या, टाळी ती टाळी, मध्ये काय नि शेवटी काय.

मग वाशीचा प्रयोग झाला. दुसरा अंक, तोच प्रवेश. ताई बापाकडे वळून म्हणाल्या, "बाबा, अठरा वर्षं तुमच्या शब्दाबाहेर..." आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. मग ते हसू रांगारांगांतून सरकत गेलं. कुणी दुष्टपणानं हसत नव्हतं, शप्पथ. त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली ती पोर होती आणि पुढ्यात नलूताई उभ्या होत्या, दाढा पडलेल्या, केसांना कलप लावलेला, कंबरपट्टा एक कडी सैल केलेला. त्यांना हसू आलं. मला पाठीवर कुणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. तीस वर्षांत त्या वाक्याला कुणी हसलं नव्हतं. मी वर बघितलं. ताईंनी वाक्य पुरं केलं, माझ्याकडे बघून मान हलवली, पद म्हटलं, पुरं म्हटलं, आणि जी माणसं हसली होती त्यांनीच 'वन्स मोअर' दिला. त्या दिवशी मात्र त्या दुसऱ्यांदा गायल्या नाहीत. नमस्कार करून पुढचं वाक्य घेतलं.

रंगपटात मी आग ओकत होतो. सिनेमावाल्यांना, त्या पोरीला, मोबाइलवाल्या कार्ट्यांना, कुणालाच सोडलं नाही. ताई आरशासमोर बसून नथ काढत होत्या. त्यांनी आरशातूनच विचारलं, "ते हसले, त्यात त्यांचं काय चुकलं?" मी म्हटलं, त्यांना संगीत नाटक बघता येत नाही. "बरोबर. आणि त्यांना ते येत नाही म्हणून आपण त्यांना घालवायचं?" त्यांनी नथ डबीत ठेवली. "सिनेमानं माणसं दारापर्यंत आणलीत, अन्वरभाऊ," त्या म्हणाल्या. "आत बसवायचं काम सिनेमा कसं करेल? ते आपलंच आहे ना."

पुढच्या काही महिन्यांत माझंही म्हणणं खरं झालं. सिनेमा मोबाइलवर आला आणि गर्दी ओसरली. पाटी गेली, पोरं गेली. गंमत बघा, जी जुनी माणसं होती त्यांतलीही काही सिनेमाच्या गर्दीला कंटाळून यायची बंद झाली होती. अप्पा माझ्याशी धड बोलेनात, मी अप्पांशी बोलेना. सिनेमानं नाटकाला जगवलं की खाल्लं, यावर आम्ही दुकानात, टपरीवर, टेम्पोत भांडलो. ताई त्या भांडणात पडल्या नाहीत. त्या शांत दिसायच्या आणि मला वाटायचं, त्यांनी मनातून नाटक सोडून दिलंय. शनिवारी त्या उरणला जायच्या, आणि विचारलं तर, शिकवणी आहे म्हणायच्या. या वयात उरणला जाऊन शिकवणी कशाला, असं मी सायरापाशी बोललोही. आणि मग त्या तालमीचा फोन आला.

तर त्या रविवारी आम्ही सगळे हॉलमध्ये मातीच्या पुतळ्यांसारखे बसलेलो असताना दारातून एक मुलगी आत आली. वीस-बावीसची, सावळी, उंच, खांद्यावर मोठी पिशवी. सगळ्यांत जवळ मी होतो म्हणून मला म्हणाली, "तालीम हितंच हाय ना, काका? माना नलूताईंनी बोलवलंय." मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "हेमकळा करायला."

मला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं पिशवी उघडून दाखवली. आत ताईंचा दुसऱ्या अंकातला शालू होता, कंबरेला टाके घालून लहान केलेला. ते टाके मी ओळखले, कारण प्रयोगाला फाटलेलं काहीही ताई तशाच ठसठशीत टाक्यांनी शिवत. मग कळलं... तालीम कशाची होती ते. ताई गेल्या हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटी मीच सांगितलं. ती रडली नाही. तिथेच खाली बसली, पिशवी मांडीवर घेऊन. "काल तर आमी दोघींनी घरी बसून पद बोललं," म्हणाली. "ताई बोलल्या, आता जमलं."

तिचं नाव दर्शना. उरणच्या कोळ्यांची पोर. विचुंब्याला जाताना टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली होती आणि अडखळत सांगत होती. ताईंच्या इमारतीखाली वर्षभरापूर्वी कुणाची तरी हळद होती. आपल्याकडच्या हळदी म्हणजे काय सांगायला नको, स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. ताई आवाज कमी करा म्हणून भांडायला खाली गेल्या, आणि बँडबरोबर गाणाऱ्या या मुलीचा आवाज ऐकून खुर्ची ओढून बसल्या. सकाळी हिच्या घराचा पत्ता काढला. त्यानंतर वर्षभर शनिवारी जाऊन गाणं शिकवलं, गद्य शिकवलं, 'हाय' आणि 'नाय' घरी ठेवून रंगमंचावर 'आहे' आणि 'नाही' कसं म्हणायचं ते घोटून घेतलं, आणि दर वेळी उठताना सांगितलं, की घरचं बोलणं सोडायचं नाही, फक्त हेमकळेचं वेगळं ठेवायचं. मी विचारलं, आणि ताई स्वतः काय करणार होत्या? "आत्या," दर्शना म्हणाली.

आमच्या नाटकात हेमकळेची एक आत्या आहे. तीन प्रवेश. तिला एकही पद नाही. ज्या बाईनं गाण्यासाठी लग्नाची दोन स्थळं नाकारली, जिच्या गळ्यावर माझं सगळं आयुष्य टेकलेलं होतं, ती न गाता रंगमंचावर उभी राहायला निघाली होती आणि मला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. हे मी दर्शनाला बोलून दाखवलं असावं, कारण ती म्हणाली, "ताई बोलल्या व्हत्या, अन्वरकाकांना सांगू नको. ते चिडतील, दोन दिस बोलनार नाय. मंग पेटी उघडतील."

ताईंना अग्नी दिला तेव्हा मी उभा होतो. मला रडू आलं नाही. आजूबाजूचे सगळे रडत होते आणि मी त्यांच्याकडे परक्यासारखा बघत होतो. घरी गेलो, जेवलो, सायरा काही विचारत होती त्याला उत्तरं दिली. असे कितीतरी दिवस गेले. अप्पांनी मला आणि दर्शनाला दुकानात बोलावून सांगितलं, की सिनेमावाल्यांचा फोन आला होता. सिनेमातली नायिका काही प्रयोग करायला तयार आहे, गाणी ध्वनिमुद्रित वाजवू, ती ओठ हलवेल, पुन्हा पाटी लागेल. अप्पांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनाही ते नको होतं, पण नाटक बंद करणं त्याहून नको होतं. तिसरा रस्ता त्यांच्यापुढे बसला होता, हात मांडीवर ठेवून, पण ज्या पोरीला कुणी ओळखत नाही तिच्यासाठी थिएटर कोण भरणार? दर्शनाला हे सगळं कळत होतं. ती उठून उभी राहिली. "अप्पा, तुमी कोनाला बी घ्या," म्हणाली. "पन गानं वाजवून नको. ताईंच्या नाटकात गानं गायला पायजे." अप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, उद्यापासून तालीम.

सिनेमामुळे नाटक चालतं का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात, कारण आणखीही नाटकांवर सिनेमे येऊ घातलेत. मला खरंच माहीत नाही. आमचं एकदा भरलं आणि एकदा रिकामं झालं. एवढं मात्र दिसलं, की आमच्यातल्या एकाच माणसानं तो सिनेमा नीट बघितला. मी त्यात काय कापलं ते बघत होतो, अप्पा किती माणसं बसलीत ते बघत होते, आणि नलूताई बघत होत्या, की अठरा वर्षांची मुलगी अठरा वर्षांची दिसली तर ती गोष्ट कशी होते. आणि त्यांनी ते स्वतःला लागू केलं. हे करायला किती छाती लागते, याचा विचार केला की माझी अजूनही बोबडी वळते.

प्रयोग गेल्या आठवड्यात पनवेललाच झाला. थिएटर अर्ध्याहून थोडं जास्त भरलं. उरणहून तिची माणसं दोन टेम्पो भरून आली होती, सिनेमा बघितलेली काही पोरं होती, आणि पुढे आमची जुनी माणसं. दुसऱ्या अंकात दर्शना बापाकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, अठरा वर्षं तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही, आज जाते." माझी पाठ ताठ झाली. कुणी हसलं नाही. मागे कुणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी वाजत होतं, तेही थांबलं. मी सूर दिला आणि दर्शना गप्प उभी राहिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कुणाला कधी सांगितली नव्हती. नलूताई तरुणपणी काळी पाचमध्ये गायच्या, म्हणजे बाईच्या आवाजाला चांगलाच उंच सूर. वय वाढलं तसा आवाज खाली आला. त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी त्यांना कधी विचारलं नाही. एका प्रयोगाला वरची तान फुटल्यासारखी वाटली की पुढच्या प्रयोगाला मी एक पट्टी खाली यायचो. त्या जणू काही झालंच नाही अशा गायच्या. असं करत करत आम्ही पांढरी पाचवर येऊन थांबलो होतो. आणि त्या दिवशी, तालमी होऊनही, दिवे लागल्यावर माझ्या बोटांनी पांढरी पाच दिली होती. दर्शना माझ्याकडे बघत होती. तिनं डोळ्यांनीच 'वर' म्हटलं. तिला ताईंनी जी पट्टी दिली होती ती काळी पाच. ताईंची पहिली. मी खाली बघितलं, माझी बोटं त्या पांढऱ्या पट्टीवर घट्ट बसली होती आणि मला ती उचलता येईनात. ती उचलली की त्या पट्टीत गाणारं या जगात कुणी राहणार नव्हतं... पोर वाट बघत होती. मागे कुणीतरी खाकरलं. मी हात उचलला, काळी पाच दिली, आणि ती गायला लागली. मग मी रडलो, वाजवता वाजवता, सगळ्या थिएटरकडे पाठ करून.